घरातील मूक पहारा
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्याविषयी बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा डोळ्यांसमोर उभे राहिले ते बोरिवलीतील आमच्या मातोश्रींचे न्हाणीघर. तीन वर्षांपूर्वी पहाटे तेथे त्या घसरून पडल्या. मी मुलुंडला, धाकटे बंधू अमेरिकेत, आणि दाराला आतून कडी. सात वाजता कामवाल्या बाई आल्या, तोवर चार तास त्या थंड फरशीवर होत्या. मोडलेल्या हाडापेक्षा ते चार तास आम्हाला अधिक बोचले.

आम्ही घरभर कॅमेरे बसविण्याचा घाट घातला. आईने विचारले, "मी काय दुकानातला माल आहे?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चित्र न घेता, शरीरास स्पर्श न करता लक्ष ठेवणारी साधने असतात, हे पुढे कळले. जपानमधील झोजिरुशी कंपनीने 2001 साली एक विजेची किटली आणली. एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती चहासाठी पाणी घेई, त्याची वर्दी दूरच्या आप्तांना पोचे. चहाची वेळ चुकली, की चौकशी करावी, इतकेच. मला ही कल्पना अनेक महागड्या यंत्रांहून शहाणी वाटते.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी मुदित दंडवते यांनी सहकाऱ्यासह 2015 मध्ये बंगळूरु येथे 'डोझी'ची उभारणी केली. हिची पातळ पट्टी गादीखाली ठेवतात. हृदय रक्त पुढे ढकलते, तेव्हा शरीर किंचित हादरते. हा हादरा टिपण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. आयझॅक स्टार यांनी 1939 च्या सुमारास विकसित केली होती. श्वासाची लाट संथ व मोठी, ठोक्याची जलद व बारीक. यंत्र त्या वेगळ्या करून नोंदविते. करोनाकाळात रुग्णालयांतील साध्या खाटांवरही ही पट्टी वापरली गेली.

मात्र माणूस अंथरुणातून उठला, की पट्टीला नाडी कळत नाही. न्हाणीघरासाठी हालचाल ओळखणारे साधन निराळे. त्यालाही शिकवावे लागते. अन्यथा अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात निश्चल बसलेल्या आजी त्याला बेशुद्ध वाटायच्या!

वर्दी कोणाकडे जावी, हा खरा प्रश्न. बंधूंना अमेरिकेत ती तत्काळ मिळेल, पण दार कोण उघडणार? मुलुंडहून मला तासभर सहज लागतो. म्हणून आम्ही आतील कडी काढून बाहेरून उघडणारे कुलूप बसविले आणि एक किल्ली खालच्या मजल्यावरील वहिनींकडे दिली. त्या किल्लीवाचून पट्टी व्यर्थ होती.

आईने संमती दिली ती अटींवर. नोंदी डॉक्टर पाहतील, नातेवाइकांत त्यांची चर्चा होणार नाही, आणि यंत्र बंद करण्याचा अधिकार तिचा. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमतीला असेच महत्त्व आहे. आईने तो वाचलेला नाही.

गेल्या पर्युषणात तिसऱ्या उपवासाच्या रात्री नाडी वाढल्याची वर्दी आली. वहिनी किल्ली घेऊन वर गेल्या. आई जागीच होती, रक्तदाबाची गोळी उपवासात कशी घ्यावी हे तिने कोणास विचारलेच नव्हते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी पारणे झाले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही; पट्टीची वायर मात्र तिने काढली नाही.