दुसरी सर्व्हिस



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात एका सरकारी नोकराने टेनिसवर बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु "बायकांची सर्व्हिस ती काय!" हा शेरा आपल्या दिवाणखान्यांत हमखास ऐकू येतो. मीही तो मारीत असे.

शेरा अगदीच निराधार नाही. जॉन इस्नरने २०१६ साली डेव्हिस चषकात ताशी २५३ किलोमीटर वेगाने सर्व्हिस केली. साबिने लिसिकीची २०१४ मधील सर्व्हिस २११ ची. जाळे मात्र दोघांनाही मध्यभागी तीन फूटच. तेव्हा उंची आणि खांद्याचे बळ यांचा लाभ पुरुषाला मिळणारच.

खरी परीक्षा असते ती दुसऱ्या सर्व्हिसची. कचेरीत पहिला मसुदा बिघडला तरी निभावते, दुसरा साहेबांच्या टेबलावर जातो, तसेच हे. पुरुष बहुधा रॅकेट चेंडूच्या मागून वेगाने वर घासून भरपूर फिरकी देतात. चेंडू जाळ्यावरून उंच जाऊनही आत पडतो आणि खांद्यापर्यंत उसळतो. ही उसळी स्त्रियांपैकी थोड्याच जणींना साधते. बेताने टाकलेल्या चेंडूवर समोरची तुटून पडते. म्हणून त्यांच्या सामन्यांत सर्व्हिस अधिक वेळा भेदली जाते. मला त्यात उणेपणा दिसत नाही. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा अखेरचा सेट ७०-६८ पर्यंत रेंगाळला, तो कोणाचीच सर्व्हिस भेदली जाईना म्हणून!

"ऐन वेळी बायकांचे मन कच खाते," असे मी एकदा म्हणालो. कन्येने विचारले, "मग झ्वेरेव्हचे काय, बाबा?" साडेसहा फुटांचा हा गडी २०२० च्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंधरा दुहेरी चुका करून हरला होता. मी निरुत्तर झालो.

बेलारूसच्या आरिना साबालेंकाने २०२२ या एका वर्षात चारशेहून अधिक दुहेरी चुका केल्या. अ‍ॅडलेडला तर तिच्यावर हाताखालून सर्व्हिस करण्याची पाळी आली. तिने मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले होते. अखेर गुण आला तो शरीराच्या हालचालींचे शास्त्र जाणणाऱ्याकडून हाताची ढब सुधारून घेतल्यावर. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत ती अंतिम सामन्यात सतरा बिनतोड सर्व्हिसेस करून विजेतेपदाशी आली, आणि पहिल्याच विजयी गुणाच्या वेळी पुन्हा दुहेरी चूक! चौथ्या संधीला तिने सामना जिंकला.