राखणीच्या कुत्र्याचे डोळे जपा



बैलाचा खांदा, गाईची कास आपण रोज बघतो. पण वाड्याची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघायला सहसा कुणाला सवड होत नाही. आज त्याविषयीच थोडं बोलू. मी शेतकीचा माणूस. औषधपाणी करणं हे पशुवैद्यकाचं काम. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावं आणि काय मुळीच करू नये, एवढं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आपल्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला वसईची खाडी आहे, तर दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. रस्त्याला इमारती कितीही उठल्या, तरी येऊरच्या पाड्यांवर आणि चेण्याच्या बाजूला शेती अजून आहे, आणि रात्री बिबट्याही आहे. या जंगलातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासकांना आढळलं आहे. धडधाकट कुत्र्यालाही तिथे सावध राहावं लागतं. मग डोळ्याने अधू झालेल्या कुत्र्याने स्वतःला कसं वाचवावं आणि राखण तरी कशी करावी?

आता डोळा बिघडतो कशाने ते पाहू. पहिलं कारण म्हणजे कुसळ. पावसाळा सरला की बांधावरचं कुसळी गवत वाळतं, आणि त्याच सुमाराला खळ्यावर भाताची झोडणी चालते. कुत्रा गवतात तोंड खुपसतो, पेंढ्यात लोळतो. कुसळ पापणीखाली शिरलं की दर उघडझापीला बुबुळावर घासतं आणि जखम होते.

दुसरं कारण धूळ. रस्त्यावर ट्रकची वर्दळ आणि जागोजागी बांधकाम. त्यातली साधी माती पाण्याने धुऊन निघते. पण सिमेंट आणि चुना डोळा भाजून काढतात. घराचं काम चालू असेल तर कुत्रा तिथून लांब बांधावा. पिकावर फवारणी करतानाही तेच.

तिसरं कारण गोचीड. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात डोळा आतून सुजतो, गढूळ होतो, कधी डोळ्यात रक्त उतरतं. गोचिडांवरचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच लावावं. पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला चोळू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

चौथं कारण डिस्टेंपर. पिल्लाच्या डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो, ताप असतो, खाणं सुटतं. हा रोग लसीने टळतो. सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की पहिली लस द्यावी आणि पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकवू नयेत.

आठवड्यातून एकदा सकाळच्या उजेडात डोळे तपासा. एकाने कुत्रा धरावा, दुसऱ्याने अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढून बघावी. दोन्ही डोळे सारखे आहेत का? सकाळी कोपऱ्यात थोडी चिपडं असणं साधं आहे. ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावीत, प्रत्येक डोळ्याला वेगळं फडकं. पण डोळा मिटून धरला, सारखं पाणी गळू लागलं, पिवळी-हिरवी घाण आली, बुबुळ निळसर-पांढरं दिसलं किंवा डोळा मोठा होऊन बाहेर आल्यासारखा वाटला, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना गाठावा. चिघळलेल्या जखमेने बुबुळाला एक-दोन दिवसांत भोक पडू शकतं. डोळा बाहेरच आला असेल, तर ओलं स्वच्छ फडकं वर धरून तडक निघावं.

निघण्याआधी डोळा धुवावा. एक लिटर पाणी उकळून थंड करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवा. स्वच्छ कपड्यातून गाळून हळूहळू धार सोडा. चुना किंवा सिमेंट गेलं असेल तर मीठपाणी करत बसू नका. हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने लगेच अर्धा तास धुवत राहा. कुसळ सैल असेल तर पाण्याबरोबर येईल. रुतलेलं असेल तर ओढू नका. कुत्रा पंजाने डोळा खाजवत असेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून, कडा घासून, ती गळ्यात अडकवावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी तंबाखू चावून डोळ्यात फुंकतो, कुणी मीठ टाकतो, कुणी चुन्याची निवळी घालतो. बंधूंनो, हे सगळं बंद करा; जखमेवर जखम होते. आणि फळीवर उरलेले माणसाचे डोळ्यांचे थेंबही घालू नका. त्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. या औषधांनी लाली दोन दिवस कमी दिसते आणि आपल्याला वाटतं, गुण आला. पण बुबुळावर जखम असेल तर ती भरत नाही, उलट खोल जाते. जखम आहे की नाही, हे डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा रंग घालून बघतात. जखम असेल तिथे हिरवा डाग दिसतो. ही तपासणी होण्याआधी कोणतंच औषध घालू नये.

डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा आला तर तो कापू नका, दोरा बांधू नका. ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी असते आणि डोळ्याला लागणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तीच पुरवते. शस्त्रक्रिया करून ती जागेवर बसवता येते. मोठी शस्त्रक्रिया लागली तर मुंबईत परळला १८८६ साली स्थापन झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावं.

सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याच्या बाहुलीत निळसर झाक येते. ती बहुधा वयाची असते आणि नजर टिकते. बाहुली मोत्यासारखी पांढरी झाली तर मोतीबिंदूची शंका घ्यावी. घरी पारख करायची तर कापसाचा बोळा कुत्र्याच्या नजरेसमोरून खाली सोडा. आवाज होत नाही, म्हणून मान वळली तर त्याला दिसतंय असं समजा. नजर गेलेल्या कुत्र्याला रात्री आत बांधावं.

एक इशारा. कुत्रा अचानक बावचळला, लाळ गाळू लागला, अंगावर येऊ लागला, तर डोळे तपासायला जवळ जाऊ नका. पिसाळल्याचा संशय धरा. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

ध्यानात ठेवा:
१. आठवड्यातून एकदा डोळे बघा.
२. डोळा मिटला, की आधी धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.
३. तंबाखू, मीठ, चुना आणि उरलेले थेंब डोळ्यात घालू नका.
४. पिल्लांना वेळेवर लस द्या, गोचीड काढा.

जो रात्रभर आपल्यासाठी जागतो, त्याच्यासाठी आठवड्यातली पाच मिनिटं काही जास्त नाहीत.