सहीच्या आधी, आणि वकील आपला

वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. कुठल्याही करारावर सही करण्याआधी, अंगठा उठवण्याआधी, तो कागद वकिलाला दाखवा. सही झाल्यावर नव्हे, आधी. हे मी बोलता बोलता आणखी दोन-चारदा म्हणेन, कंटाळू नका. मी स्वतः वकील नाही, तेव्हा माझं दुकान चालावं म्हणून सांगतोय असंही समजू नका.

आपल्या सूर्यमाळला पावसाळ्यात मुंबई-नाशिकच्या गाड्या लागतात. त्यांच्या मागोमाग तंबूवाले आले. "दादा, वरकस जमीन तर आहे, नुसतीच पडलीय, आम्हाला वापरायला द्या." मग पाचशेच्या मुद्रांकावर टाइप केलेला कागद येतो. असा एक कागद मी वाचला, तोही मोबाइलमधल्या फोटोवरून, कारण जमीनमालकाला प्रतच दिलेली नव्हती. वर लिहिलेलं, अकरा महिन्यांचा वापर परवाना. आत बारीक अक्षरात, मुदत आपोआप वाढत राहील. त्याखाली, बांधकाम हटवायची वेळ आली तर खर्च मालकाचा. आणि वाद झालाच तर मुंबईत. खोडाळ्याची एसटी पकडून मुंबईला तारखा करायला कोण जाणार?

"अहो, वकील होता ना तिथे!" मालक मला म्हणाला. होता, पण त्यांचा होता. त्यानं त्यांचं काम चोख केलं, त्याला कशाला नावं ठेवायची? तुमच्या बाजूनं कागद कुणी वाचला? आणि नोटरीचा लाल शिक्का म्हणजे वकिलाचा सल्ला नव्हे. सही तुमचीच आहे एवढं तो शिक्का सांगतो, अटी तुमच्या भल्याच्या आहेत की नाहीत हे सांगत नाही.

आपण राब भाजतो ना, तसं आहे हे. उन्हाळ्यात आभाळात ढगाचा तुकडा नसतो, आणि आपण शेण, टहाळ, पालापाचोळा अंथरून, वर माती पसरून, वारा बघून पेटवतो. नवख्याला वाटेल, हे कसले उद्योग? पण न भाजलेल्या जागेत नागली टाकली, तर रोप आणि गवत बरोबरच वर येतं. दोन्ही हिरवंच! मग भर पावसात ओणवं होऊन बेणत बसायचं, आणि गवत उपटायला जावं तर रोपही हातात येतं. सही झालेल्या करारातलं वाईट कलम तसंच असतं, ते काढायला गेलात की सगळा करारच मोडायला निघतो. आणि शेजाऱ्यानं त्याचा राब भाजला म्हणून आपलं खाचर भाजलं जात नाही. म्हणून म्हणतो, आधी, आणि वकील आपला.

जमिनीच्या बाबतीत तर कायदाच आडवा उभा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ सांगतं, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकणं सोडाच, गहाण टाकायला किंवा भाडेपट्ट्यानं द्यायलासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. आपल्यासारख्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या गावात विकायची झाली तर त्याआधी ग्रामसभेचीही. ही मंजुरी टाळण्यासाठीच कागदाला 'परवाना' म्हणायचं, 'भागीदारी' म्हणायचं. वकील मथळ्यावर जात नाही, आत कुणाला काय दिलंय ते बघतो.

आपल्या भागाला असं अडकणं नवीन नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत, लग्नगडी म्हणत त्यांना. डहाणू-तलासरीकडे १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्यात जाऊन राहिलेल्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला तो १९७६ साली. आणि वीटभट्टीची उचल घेताना आजही आपण विचारत नाही की हिशोब कुणाच्या वहीत लिहिला जाणार.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" अहो, आणायचेच नाहीत! विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, कलम १२. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत विधी सेवा, उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही तसंच, जात कुठलीही असो. आणि विधी सेवा म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कायद्याच्या बाबतीत सल्ला देणंही त्यात येतं. म्हणजे खटला नसतानाही जाता येतं. सहीच्या आधी. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक.

मोगऱ्यावाल्या बहिणींनो, तुमचंही तेच. व्यापारी म्हणतो, हंगामभर सगळी कळी मलाच द्या. ठीक आहे. पण वजन कुठलं धरायचं, तोडलेल्या जागचं की दादरला पोचल्यावरचं? वाटेत कळी सुकते, उमलते, त्याची घट कुणाच्या माथी? अडत कोण भरणार? भाव पडला तर? हे चार प्रश्न कागदावर...

स्टुडिओच्या काचेपलीकडून बोट वर झालंय, एकच मिनिट उरलंय. मुखत्यारपत्राचं राहूनच गेलं, आणि ते तर सगळ्यात अवघड. तूर्त कुणी मुखत्यारपत्रावर सही मागितली तर "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि उठा. जव्हारला बाजाराला जाल तेव्हा पिशवीत सातबारा आणि तो करार टाका. कोर्टात शिरलात की तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते विचारा, जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. प्रत नसेल तर प्रत मागा. देत नसतील तर सही नाही.