एका लुगड्याची गोधडी

गोधडीचा छंद महाग पडतो तो नवं कापड विकत आणायला लागलं की. एरवी घरातलं जुनं सुती नऊवारी लुगडंच बघा ना, ८ मीटरच्या आसपास भरतं. दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका माणसाची चार पदरी गोधडी तयार!

कापड मात्र उजेडासमोर धरून पारखा. विरलेला भाग आतल्या थरात ढकला. नायलॉनची साडी नको. ती सुईखाली घसरते आणि घामही टिपत नाही. वरच्या ठिगळांना शिंप्याकडच्या चिंध्या पुरतात. लग्नसराईत त्याच्याकडे ढीग असतो, आणि तोही खूश होऊन देतो. गडद चिंधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग जातो का ते कळेल.

थर जमिनीवर ताणून अंथरा, आधी लांब कच्चे टाके घाला, मग कडेकडेनं आत धावदोरा. काटकसर दोऱ्यात करू नका. हलका दोरा धुण्यात तुटतो. नवख्यांनी बाळाच्या दुपट्यापासून सुरुवात करावी. कापड थोडं लागतं आणि हात बसतो.