घोरणारी गाय



गाय घोरू लागली की आपण म्हणतो, पडसे झाले. पण पडसे महिनोन्‌महिने टिकत नाही. डबक्यातील गोगलगायीतून निघालेली अळी कातडीतून आत शिरते, तिचा जंत होऊन नाकाच्या शिरांत राहतो. त्याची अंडी अस्तरात रुतून गाठी येतात आणि श्वास कोंडतो. नाकातील शेंबूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कोयत्यासारखे बाकदार अंडे दिसले, की निदान झाले.

याच कुळातील काही जंत आतड्याच्या शिरांत राहतात. त्यांची अंडी गुरांच्या शेणात, अमेरिकेत कुत्र्यांच्या विष्ठेत शोधतात. मात्र नमुना साध्या पाण्यात कालवला, तर अंडी फुटून अळ्या निसटतात. म्हणून मिठाचे सौम्य द्रावण घ्यावे.

आणि माणसाचे काय? १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी हा रोग रुजल्याचे डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी दाखविले. तेथे अंडी रोग्यांच्या लघवीत सापडली.

म्हणून आम्ही एवढेच सांगतो : अंडी रोज सारखी पडत नाहीत. एकदा दिसली नाहीत, तर पुन्हा पाहावे. ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.