नुसता चहा

श्रोतेहो, ‘चहाला या’ यासारखे फसवे आमंत्रण आपल्याकडे दुसरे नसेल. बोलावणारा म्हणतो, “काही नाही हो, नुसता चहा.” आणि जाऊन पाहावे, तर चहा येतो सर्वांत शेवटी! अशाच एका चहाची हकीकत आज सांगणार आहे.

मे महिना होता. कामानिमित्त पेणला गेलो होतो. गणपतीच्या कारखान्यांतून पांढऱ्याशुभ्र मूर्ती रंगाची वाट पाहत ओळीने बसल्या होत्या. अंगणाअंगणांत पापड वाळत होते. काम आटोपले, भरपेट जेवलो, पोह्यांच्या पापडांचा एक पुडा घेतला आणि रोह्याची गाडी धरली. कासू गेले, नागोठणे गेले आणि तिसऱ्या प्रहरी रोह्याला उतरलो. कुंडलिकेच्या काठच्या या गावी माझा कॉलेजातला मित्र राहतो. वीस वर्षांची मैत्री. तो माझ्या घरी कितीदा तरी जेवून गेलेला. मी मात्र त्याच्या घरी प्रथमच जात होतो. का, ते मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

ओटीवर त्याचे वडील बसले होते. ऐंशीच्या घरातले, निवृत्त प्राथमिक शिक्षक. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. पाणी झाले आणि मग एकेक ताट बाहेर येऊ लागले. फणसाच्या रसातली पिवळीधमक सांदणे, सोबत नारळाचे दूध. जाळीदार घावन आणि लसणीची चटणी. पातळ पोह्यांचा चिवडा. कापा फणसाचे गरे. आंब्याच्या फोडी. मी आणलेले पापडही तेवढ्यात तळून आले. आत काकू आणि वहिनी दुपारपासून चुलीपाशी होत्या, हे सांगायला नकोच.

मी घाबरलो. म्हटले, “काका, एवढे नको. पेणला जेवून आलोय. नुसता चहा द्या, तोही अर्धा कप.”

ओटीवर एकदम शांतता पसरली. मित्राने मान खाली घातली. काका हसले, पण हळूच म्हणाले, “पोट भरलंय म्हणून नको म्हणतोस ना रे?”

प्रश्न साधा होता, पण काळजात घुसला. मी मुकाट्याने सांदण उचलले. मग काकाच सांगू लागले. “दहा वर्षांचा असेन. वडिलांबरोबर बाजाराला गेलो होतो. हाटेलाच्या बाहेर कोनाड्यात कान तुटलेले दोन कप ठेवलेले. त्यातला आपण घ्यायचा. पोऱ्या वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की विसळून पुन्हा कोनाड्यात. पैसे मात्र सगळ्यांइतकेच! चहा गोड होता रे. पण त्या दिवसापासून ठरवलं, माझ्या घरी येईल त्याला नुसता चहा द्यायचा नाही.”

श्रोतेहो, संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता 1950 सालीच संपवली होती. 1955 साली ती पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही झाला. पण कोनाड्यातल्या कपाला कायदा वाचता येत नव्हता!

चहाच्या पेल्याने आपल्या महाराष्ट्रात पूर्वीही वादळ उठवले आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही बहिष्काराची वेळ आली, प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. आणि याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, ते साध्या ओंजळभर पाण्यासाठी. चहा काय, पाणी काय, प्रश्न तहानेचा नव्हताच. माणसाने माणसाच्या हातचे घ्यावे की नाही, हा होता.

शेवटी चहा आला. परसातली चहाची हिरवी पात आणि आले घालून उकळलेला. काकांनी स्वतःच्या हाताने कप माझ्यापुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. मी तो सगळा प्यायलो आणि आणखी अर्धा मागितला. तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते मी विसरणार नाही. निघताना वहिनींनी सांदणांचा डबा हातात दिला, तोही घेतला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण वर्गात समतेचा धडा शिकवतो, प्रश्नोत्तरे लिहून घेतो. एखादे दिवशी स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: माझ्या विद्यार्थ्यांपैकी, माझ्या स्नेह्यांपैकी कोणाच्या घरी मी आजवर चहा घेतलेला नाही? उत्तर सापडले, की त्याला आपल्याकडे बोलावण्याआधी आपणच त्याच्या घरी जावे.

आणि जाताना थोडी भूक शिल्लक ठेवावी.