एकटीचा हरिहर

पन्नाशी उलटल्यावर एकटीनं गड चढायचा म्हणताच घरच्यांनी डोळे वटारले. तरी निघालेच. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लागली. सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा, १८६५चा थळघाट गाडीलाही एकटीला झेपत नाही, हे पाहून धीर आला.

नाशिकरोड, मग त्र्यंबकेश्वर, पुढे जीपनं निरगुडपाडा. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांशी पाय लटपटले. ताक विकणारी आजी म्हणाली, "खाली बघू नको बाई, खोबणीत बोटं घाल."

इंग्रजांनी १८१८ मध्ये गड घेतला. पायऱ्या मात्र राहिल्या. कुण्या पाथरवटानं परक्या बोटांसाठी कोरलेल्या खोबणी मला वर घेऊन गेल्या. घरी सांगितलं, एकटी कुठं होते मी?